चादर धरणारा

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. आईने शपथ घातली. बाबांनी नुसतं पाहिलं, आणि बाबांचं पाहणं शपथेपेक्षा जड असतं. तरी लिहितेय, कारण लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत काढली आहे. यातली विनता म्हणजे मीच. पण 'मी, मी' करत लिहायला लागले की हात अडतो, म्हणून ती दुसरीच कुणी मुलगी असल्यासारखी लिहिते.

१

विनताचे श्रीरंगकाका कारखान्यात फोटोग्राफर होते. कारखाना दारूगोळ्याचा. जबलपुरातली निम्मी मराठी घरं अशाच कुठल्यातरी कारखान्यावर, रेल्वेवर नाहीतर सरकारी कचेरीवर चालायची, तेव्हा त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. विनताचे बाबाही तिथेच हेडक्लार्क होते. काकांचं लग्न झालेलं नव्हतं. ते यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायचे. काम ऐकायला मोठं, करायला किरकोळ: नवा कामगार आला की पाससाठी त्याचा फोटो काढायचा.

पण पासष्ट सालचा पावसाळा सरता सरता सरहद्दीवर लढाई जुंपली आणि कारखान्यात रोज हंगामी माणसं भरली जाऊ लागली. फिल्म मिळेना. एका रोलवर बारा चित्रं. त्यात दहा माणसं बसलीच पाहिजेत, असा हुकूम निघाला. शेवटची दोन खराब जातात असं धरून सोडलेली. काकांची कधीच खराब जात नसत. ती दोन चित्रं ते नर्मदेसाठी राखून ठेवायचे.

फोटो काढायची जागा म्हणजे गेटच्या आतलं आवार. कारखान्याची एक वीटही फोटोत येता कामा नये, असा नियम. म्हणून माणसाच्या मागे पांढरी चादर हवी. भिंतीला खिळा ठोकायलाही वरून परवानगी लागायची, तेव्हा काकांनी आपली एक रीत बसवली. आलेल्याने स्टुलावर बसायचं, खडूने नाव लिहिलेली पाटी छातीशी धरायची. फोटो झाला की पाटी परत द्यायची, मागे जायचं, खोक्यावर उभं राहायचं आणि पुढच्यासाठी चादर धरायची. पुढच्याचा झाला की तो मागे येऊन चादर हातात घेणार, मगच तुम्ही सुटायचे. "जिसका हो गया, वो पकड़ेगा," एवढंच काका म्हणायचे आणि रांग आपोआप सरकायची.

त्यामुळे प्रत्येक चित्रात, बसलेल्याच्या डोक्यावर, चादरीच्या काठाला आठ बोटं दिसत. आधीच्या माणसाची. छापताना काका तेवढा भाग वगळत, पण निगेटिव्हमध्ये ती असायचीच. विनताला बोटं बघायला आवडायचं. चेहरे सगळे सारखेच घाबरलेले. बोटं मात्र बिनघोर असायची, कारण त्यांना वाटायचं आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही.

२

रविवारी दोघं नदीवर जात. तिलवाराघाटापर्यंत बस, तिथून काठाकाठाने पायी, लम्हेटाघाटाच्या दिशेने. पिशवीत पराठे, आंब्याचं लोणचं, पाण्याची बाटली. काकांच्या खांद्यावर कॅमेरा ठेवायची तिपाई, विनताच्या गळ्यात कॅमेरा. तो दोन भिंगांचा होता. वरून खाली पाहायचं, आणि आत दुधी काचेवर नदी दिसायची, डावीकडची उजवीकडे झालेली.

पुलाकडे कॅमेरा वळवायचा नाही, एवढी एकच अट होती. लढाईच्या दिवसांत पुलाचा फोटो काढणारा सरळ कोठडीत जायचा. बाकी सगळी नदी मोकळी होती. काळं पाणी, त्यावर आलेले पांढरे खडक, वाळूवर बगळ्यांच्या पायांची नक्षी. काका एका चित्रासाठी तास तास बसत. एकदा विनता कंटाळून म्हणाली, काका, काढून टाका ना. तर म्हणाले, "नदी काही कारखान्यात लागायला नाही आली विनू, ये म्हटलं की स्टुलावर बसायला. तिचं तिला ठरवू दे."

घरात ते एवढं बोलत नसत. बाबांपुढे तर नाहीच. बाबा मोठे भाऊ, नोकरीला त्यांनीच लावलेलं. जेवताना बाबा विचारत, "काय, आज किती मुंडकी?" काका आकडा सांगत आणि पानात पाहत.

फिल्म धुण्याचं काम न्हाणीत चालायचं, कारण कारखान्यातली डार्करूम लढाईच्या दुसऱ्या कामांना गेली होती. ब्लॅकआउटसाठी घरभर तावदानांना काळा कागद डकवलेला होता, त्यामुळे भर दुपारीही न्हाणीत डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा अंधार होई. लढाईचा तेवढा एक उपकार, असं काका म्हणत. नळ टप् टप् गळायचा, त्यावर ते मिनिटं मोजायचे. औषधाने त्यांची नखं कायमची काळी पडली होती.

३

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, शाळेत प्रार्थना चालू असताना, खिडक्या वाजल्या. एकदाच. बाई क्षणभर थांबल्या आणि प्रार्थना पुढे चालू झाली.

संध्याकाळी कळलं, एका शेडमध्ये सहा माणसं गेली. तिसऱ्या दिवशी न्हाणीत, लाल दिव्याच्या उजेडात, काकांनी विनताला सांगितलं की गेली होती सात. सातवा श्यामसुंदर नावाचा, शहरातल्याच गोहलपुर वस्तीतला, शनिवारीच भरती झालेला. पास बुधवारी हातात पडायचा होता, पण माणसं कमी पडली म्हणून मुकादमाने मंगळवारी तसाच आत घेतला. आता पास नाही म्हणजे तो आत नव्हता. आत नव्हता म्हणजे मेला नाही. कामावर आलाच नाही म्हणे, कुठेतरी निघून गेला असेल.

"पण फोटो आहे ना त्याचा?" विनताने विचारलं.

आहे, काका म्हणाले. साहेबांनी निगेटिव्ह मागितलं नव्हतं. 'काही आहे का त्याचं?' एवढंच विचारलं होतं. आणि काकांच्या तोंडून निघून गेलं होतं, नाही.

बाहेर येऊन त्यांनी हे बाबांना सांगितलं. बाबा पेपर वाचून राहिले होते. पेपर खाली न करता म्हणाले, "नाही म्हणालास ना? मग नसू दे."

तीन-तीन चित्रांच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असत. सात, आठ, नऊ अशी ती पट्टी होती. काकांनी कात्री घेतली, पण त्यांचा हात धड राहीना. आठव्या चित्रातल्या माणसाला धक्का लागला असता. "तुझा हात स्थिर आहे," ते म्हणाले. विनताने पट्टी उजेडापुढे धरली. उलट्या छायेतला काळा चेहरा, पांढरे केस, पांढरी बुबुळं. रेषेवरून कात्री चालवली. जराही इकडेतिकडे गेली नाही. तुकडा शेगडीत टाकला, तो आक्रसून गोळा झाला, आणि घरभर दोन दिवस वास राहिला. आई म्हणत होती, काही उतू गेलं का गं.

४

दसऱ्याच्या आधी एक बाई दारात आली. कुंकू ठसठशीत, हातभर बांगड्या, पायात चप्पल नाही. नाव अंजनी. श्यामसुंदरची बायको. कारखान्याच्या गेटवर तिला कुणी उभं करेना. कुणीतरी फोटोवाल्या भैयाजींचं घर दाखवलं होतं. बाबा ऑफिसात होते. आईने चहा दिला, तो तिने ओसरीच्या कडेला ठेवला आणि तो निवून गेला.

तिला भरपाई नको होती, नोकरी नको होती. तिला फोटो हवा होता. लग्नातही काढला नव्हता. उभ्या जन्मात एकच, तो शनिवारचा. नवरा घरी येऊन हसत सांगत होता म्हणे, मला साहेबासारखं बसवलं, मग चादर धरायला लावली. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक गोहलपुरात पत्रा कापायच्या यंत्रात गेलेलं. तो म्हणाला होता, माझं तुटकं बोट आता दुसऱ्याच कुणाच्या फोटोत राहील बघ.

"बस एक दे दो भैयाजी," ती म्हणाली. "पुलिस कहती है ढूँढेंगे, फोटू लाओ. कारखाना कहता है आया ही नहीं. मैं क्या दिखाऊँ?"

काका खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "ऐसी कोई फोटो नहीं है, बाई."

अंजनीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, त्यांच्या नखांकडे पाहिलं. मग पदर सावरून निघून गेली. दाराआड उभी असलेली विनता आपल्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहिली.

५

दसऱ्यानंतरच्या रविवारी काढलेली दोन चित्रं छापून झाल्यावर विनतालाच प्रथम दिसलं. पलीकडच्या काठावर, काळ्या खडकांच्या मधोमध, काडेपेटीतल्या काडीच्या टोकाएवढं पांढरं काहीतरी होतं. चौकोनी.

धोब्याने चादर वाळत घातली असेल, काका म्हणाले. बरोबरच होतं. नदीवर कपडे धुतात, वाळत घालतात. फक्त विनता तिथे तासभर त्याच खडकांकडे बघत बसली होती, आणि तिथे काही नव्हतं. पण तासभर माणूस बघतो म्हणजे सगळंच बघतो असं थोडंच आहे? हेही बरोबर.

पुढच्या रविवारी ते मुद्दाम दुसरीकडे गेले, मैलभर पुढे. दोघांनी आधी पलीकडचा काठ नजरेने विंचरून घेतला. ओसाड. घार नाही की गुरं नाहीत. एक गोष्ट मात्र विनताला जाणवली, आणि ती तिने काकांना सांगितली नाही. वारा पडलेला होता, पाणी आरशासारखं होतं, आणि त्या पाण्यावरून कापड फडफडल्यासारखा आवाज येत होता. थांबून थांबून. ओली चादर कुणी झटकावी तसा.

दुपारी न्हाणीत कागदावर चित्र उमटायला लागलं. आधी आभाळ, मग खडक, आणि मग खडकांमधली एक जागा, जी काही केल्या काळी होईना. या वेळी चादर मोठी होती, म्हणजे जवळ होती. तिच्यापुढे तीन पायांचं काहीतरी. काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"स्टूल आहे," ते म्हणाले.

विनताने भिंग घेतलं. स्टूल रिकामं. चादरीच्या वरच्या काठाला बारीक ठिपके. तिने मोजले. धरणाऱ्याच्या उजव्या हाताचे चार. डाव्या हाताचे चार, पण कडेचा ठिपका अर्धाच. फिल्मवरचा कण असेल, कागदाचा दोष असेल, असं ती मनाशी म्हणाली. आणि पुन्हा मोजले.

नळ गळत होता. काका मिनिटं मोजायचे विसरले, आणि कागद ट्रेमध्ये हळूहळू पूर्ण काळा होत गेला.

६

त्या रात्री विनताला एक गोष्ट सुचली, आणि इतके दिवस कशी सुचली नाही याचं तिला नवल वाटलं. सातवं चित्र जळलं होतं. आठवं होतं. आठव्याच्या वेळी चादर कुणी धरली होती?

शाळेतून आल्यावर, काका यायच्या आधी, तिने ते एकटीने छापलं. वरचा भाग न वगळता. बसलेल्या माणसाचा चेहरा तिने पुठ्ठ्याने झाकला. कागदावर आली ती नुसती चादर आणि तिच्या काठावर आठ बोटं. सात पूर्ण. हे कण नव्हते.

काकांनी तो फोटो पाहिला आणि खाटेवर बसले. "हे तिला दिलं तर कबूलच केलं की, तो होता म्हणून. दादाची नोकरी जाईल, माझी जाईल. तुझी शाळा, सगळं. काहून काढलंस हे?"

तिला पटकन उत्तर कधीच यायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न येता गोहलपुरात गेली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. पत्र्याच्या ठोकाठोकीने कान किटत होते. विचारत विचारत अंजनीची खोली सापडली, आणि वहीत घातलेला फोटो तिने पुढे केला.

अंजनीने तो गुडघ्यावर ठेवला. आपली आठ बोटं एकेक करून त्या आठ बोटांवर टेकवली. रडली नाही. फार हलक्या आवाजात, जसं कुणी घरातल्या माणसाबद्दल विचारतं, तसं तिने विचारलं,

"तो अब तक पकड़े हैं? काहे बिटिया, किसी ने छुड़ाया नहीं इनको?"

विनताने घरी येऊन हे वाक्य काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. नखांकडे बघत म्हणाले, "रीत मी बसवली. मोडली पण मीच."

त्यानंतर आठवडाभर ते हसतमुख होते. बाबांनी जेवताना मुंडकी विचारली तर म्हणाले, "दहा. दोन शिल्लक ठेवलीत, दादा."

७

नोव्हेंबर अर्धा झाला होता. लढाई थांबून दोन महिने होत आले तरी तावदानांवरचे कागद कुणी काढले नव्हते. त्या रविवारी काकांनी लम्हेटाघाटाच्या अलीकडे तिपाई लावली, कॅमेरा बसवला, आणि बटणाची दोरी विनताच्या हातात दिली.

"मी पलीकडे जातो. बसलो की एक काढ. मग फिल्म फिरव, आणि मी उठून मागे गेलो की दुसरं. हलवू नको. तुझा हात स्थिर आहे."

कशावर बसणार, कशाच्या मागे जाणार, हे तिने विचारलं नाही. तिथे सगळे नुसते खडक होते. आज तिला वाटतं, विचारायला हवं होतं.

नावाड्याने काकांना पलीकडे सोडलं. विनता काचेत बघत होती. काका खडक चढून उजवीकडे निघाले. काचेत ते डावीकडे चालले होते. एका सपाट जागी ते थांबले. शर्टाची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. मग ते बसले. गुडघे मोडून, पाठ ताठ करून, हात छातीशी घेऊन. खडकावर टेकले असतील. इतक्या लांबून खडक कुठे आहे, कुठे नाही, काय कळणार? तिने बटण दाबलं.

फिल्म फिरवली. काका उठले होते. ते वळले आणि दोन पावलं मागे गेले. तिसऱ्या पावलाला ते नव्हते. आडोसा काहीच नव्हता. मागे मोकळा काठ आणि आभाळ. पाण्यावरून एकदा कापड फडफडल्याचा आवाज आला आणि थांबला. तिने दुसरं चित्र काढलं, कारण त्यांनी काढायला सांगितलं होतं.

मग ती हाका मारत सुटली. काठावरून बरीच खाली गेली, पुन्हा वर आली.

तासाभराने नाव परत आली. नावाडी पाठमोरा वल्हवत होता. काठाला लागल्यावर, वळता वळता तो म्हणाला, "उतरो भैया, सँभल के." नावेत कुणी नव्हतं. पुढची फळी मात्र ओली होती, आणि दोन्ही कडांना कुणी घट्ट धरून बसावं तशी ओल्या तळव्यांची खूण होती. नावाड्याने विनताकडे पाहिलं. "एक सवारी बैठी तो थी," तो म्हणाला. भाडं घेतलं नाही. नाव तशीच ढकलून निघून गेला.

डाव्या हाताच्या खुणेत करंगळीच्या जागी अर्धाच ठिपका होता. ऊन होतं. ती खूण बघता बघता वाळली असती. पण नाव त्याच्या आधीच लांब गेली.

८

बाबांनी पोलिसांत कळवू दिलं नाही. कॅमेरा, नदी, लढाईचे दिवस. कशाचं काय होईल सांगता येतं का? त्यांनी दोन माणसं पाठवून काठ शोधला, काही मिळालं नाही. मग कारखान्यात सांगितलं की श्रीरंग नागपूरला दुसऱ्या नोकरीवर गेला. शेजाऱ्यांना तेच. आईलाही आता तेच खरं वाटायला लागलंय. परवा ती म्हणाली, नागपुरात थंडी असेल, स्वेटर नेला नाही त्यांनी.

मागच्या आठवड्यात कमानिया गेटपाशी मला अंजनी दिसली. कपाळ रिकामं, हात रिकामे. तिने गर्दीतून येऊन माझा हात धरला. "छूट गए, बिटिया," म्हणाली, आणि लगेच सोडून दिला. तिच्या तोंडावर दुःख होतं आणि दुःखाच्या खाली झोप झालेल्या माणसाची शांती होती. मला तिचा राग आला. अजून येतो. मग मला माझा येतो.

तो रोल मी एकटीने धुतला. नळावर मिनिटं मी मोजली. पहिली दहा चित्रं दहा माणसांची, बिनचूक. अकराव्या चित्रात पलीकडचा काठ इतका जवळ आला आहे की भिंगाचीही गरज नाही. चादर, स्टूल, आणि स्टुलावर काका. पाटी छातीशी. पाटीवर त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव. ते थोडे घाबरलेले आहेत, सगळे असतात तसे. डोक्यावर आठ बोटं, एक तुटकं.

बाराव्या चित्रात स्टूल रिकामं आहे. पाटी त्याला टेकवून ठेवली आहे, पुसलेली. चादर मात्र तशीच उभी आहे, काठावर आठ बोटं, आठही पूर्ण. त्यांची नखं काळी आहेत.

हे मी कुणाला दाखवलेलं नाही. पट्टी माझ्या भूगोलाच्या वहीत होती. पण काल कारखान्यातून एक गृहस्थ आले. बसले नाहीत. श्रीरंगचं काही आहे का घरात, फोटो, निगेटिव्ह, असं विचारून गेले. बाबा म्हणाले, नाही.

सकाळपासून बाबा मधल्या खोलीत अल्बम घेऊन बसलेत. मुंजीतल्या फोटोतून, दिवाळीच्या फोटोतून, माझ्या बारशाच्या फोटोतून काका कापून काढायचं चाललंय. आत्यांच्या खांद्यावर नुसताच एक हात राहिला आहे. भूगोलाची वहीही त्यांनी नेली आहे. शेगडी पेटवल्याचा वास येतोय. बाबांचा हात हल्ली फार थरथरतो, सरळ कापलं जात नाही, म्हणून ते मला बोलावणार हे मला ठाऊक आहे.

काल रात्रभर विचार करून मी ठरवलं आहे. काका अजून तिकडे उभे आहेत, आणि पुढचं कुणी बसल्याशिवाय त्यांना सुटता येत नाही. ते चित्र जळलं तर ते कुठे उभे आहेत हेही कुणाला कळणार नाही. सातवं चित्र कापताना माझा हात जराही हलला नव्हता, तेव्हा मी काहीच बोलले नव्हते. या वेळी मी बाबांसमोर उभी राहून सांगणार आहे की, कात्री मी

"विनू, कुठं बसून राहिलीस? कात्री घेऊन ये. आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं, येतंय ना?"

हो बाबा, आले. मी त्यांना सांगणार आहे की